शहाण्याने या कोर्टाची पायरी चढावी का?

सेवा: प्राण्यांच्या शास्त्रीय नावांवरून झालेली भांडणं मिटवणं. देणारे: आंतरराष्ट्रीय प्राणी नामकरण आयोग. माझे गुण: पाचपैकी चार. एक का कापला ते पुढे येईलच. तो ज्या कारणासाठी लोक सहसा कापतात त्यासाठी कापलेला नाही.

मी कीटकांच्या संग्रहात काम करते. भुंगेरे, त्यातही शेणकिडे. टाचणीला टोचलेला किडा, त्याखाली तीन-चार चिमुकली लेबलं, आणि त्यातल्या एका लेबलावर लिहिलेलं नाव बरोबर की चूक, एवढ्यावर माझे महिनेच्या महिने जातात. घरच्यांना वाटतं मी किडे बघते. खरं तर मी जुने कागद बघते.

आधी एक घोळ निस्तरते. मराठीत जाती, प्रजाती, वंश, कुळ हे शब्द प्रत्येक जण आपापल्या मर्जीने वापरतो. एकाची जाती ती दुसऱ्याची प्रजाती. नावांच्या भांडणावर लिहिताना त्यात अजून भर नको, म्हणून सरळ जीनस (जवळच्या नात्यातल्या प्राण्यांचा गट, शास्त्रीय नावातला पहिला शब्द) आणि स्पीशीज (त्या गटातला एकेक प्रकार) म्हणते.

हा आयोग 1895 साली लायडनच्या आंतरराष्ट्रीय प्राणिशास्त्र परिषदेत स्थापन झाला. त्यांचं नियमांचं पुस्तक म्हणजे 'कोड'. सध्या चौथी आवृत्ती चालू आहे, 1 जानेवारी 2000 पासून लागू. मूळ तत्त्व सोपं आहे: ज्याने आधी नाव छापलं त्याचं नाव चालणार. मोजणी 1758 पासून, म्हणजे स्वीडिश निसर्गशास्त्रज्ञ लिनियसच्या 'सिस्टीमा नॅचुरी' या ग्रंथाच्या दहाव्या आवृत्तीपासून. ती आवृत्ती 1 जानेवारीला प्रसिद्ध झाली असं सगळ्यांनी मिळून मानायचं. क्लेर्कचं स्वीडनच्या कोळ्यांवरचं पुस्तक तर छापलं गेलं 1757 मध्ये, पण तेही 1 जानेवारी 1758 चंच मानायचं, आणि वर दोघांत मान क्लेर्कच्या नावांना आधी द्यायचा. पहिल्यांदा हे वाचलं तेव्हा मला हसू आलं होतं. आता वाटतं, ज्या माणसांनी भांडण मिटवायला खोटी तारीख उघडपणे लिहून ठेवली ती माणसं व्यवहारी असणार.

भांडणं होतात ती या 'आधी कोण' मुळेच. दीडशे वर्षं सगळे एक नाव वापरत असतात. मग कुणीतरी एका विस्मृतीत गेलेल्या नियतकालिकात त्याच प्राण्याचं चार वर्षं आधीचं नाव शोधून काढतो. नियमाप्रमाणे जुनं नाव जिंकलं पाहिजे. पण मग पुस्तकं, कायद्यांच्या याद्या, डेटाबेस, संग्रहातली लेबलं, सगळंच बदलायचं. अशा वेळी आयोगाकडे अर्ज करता येतो. अर्ज त्यांच्या बुलेटिनमध्ये 'केस' म्हणून क्रमांकासह छापला जातो, जगभरातून कुणीही त्यावर बाजूने किंवा विरोधात लिहू शकतं, मग आयोगाचे सदस्य मत देतात आणि निकाल 'ओपिनियन' म्हणून छापून येतो. कोडचा एखादा नियम त्या प्रकरणापुरता बाजूला ठेवायचा असेल तर साधं बहुमत पुरत नाही, दोन तृतीयांश मतं लागतात. असे निकाल आजवर अडीच हजारांच्या आसपास झाले आहेत. जगात वर्णन झालेल्या प्राण्यांची संख्या लाखांत मोजतात हे लक्षात घेतलं तर हा आकडा किरकोळ आहे.

आता माझी गोष्ट. शेणकिड्यांच्या एका गटात (नाव मुद्दाम सांगत नाही, त्या गटात काम करणारे आम्ही इतके थोडे आहोत की लगेच ओळखू येऊ) मला एका चांगल्या रुळलेल्या नावाच्या आधीचं नाव सापडलं. आनंद झाला नाही, पोटात गोळा आला. रुळलेलं नाव मोडायचं नव्हतं. मी ठरवलं, आयोगाकडे जायचं. चार महिने बसून अर्ज लिहिला. भाषा अशी की जणू सर्वोच्च न्यायालयात उभी आहे.

आमच्या संग्रहात एक निवृत्त सर आठवड्यातून दोनदा येतात. त्यांना मसुदा दाखवला. त्यांनी पहिलं पान वाचलं, चष्मा काढला आणि विचारलं, "अगं, 23.9 वाचलंस का?"

"वाचलंय सर."

"पूर्ण?"

पूर्ण वाचलं नव्हतं.

कोडचं 23.9 हे कलम म्हणजे न्यायालयाच्या दारातच बसलेला तडजोडीचा अधिकारी. ते म्हणतं की दोन अटी पुऱ्या होत असतील तर आयोगाकडे यायचीही गरज नाही, तुम्ही स्वतःच रुळलेलं नाव वाचवू शकता. पहिली अट, जुनं नाव 1899 नंतर वैध नाव म्हणून कुणीही वापरलेलं नसावं. दुसरी, रुळलेलं नाव गेल्या 50 वर्षांत किमान 25 कामांत, किमान 10 लेखकांनी, आणि किमान 10 वर्षांच्या पल्ल्यात वैध नाव म्हणून वापरलेलं असावं. हे दाखवून छापलं की रुळलेलं नाव 'नॉमेन प्रोटेक्टम', म्हणजे संरक्षित, आणि जुनं 'नॉमेन ऑब्लिटम', म्हणजे विसरलेलं.

हे मला माहीत होतं. तरी मी अर्ज लिहीत होते, कारण जुनं नाव मला विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या एका जर्मन पुस्तकात दिसलं होतं. 1899 नंतरचं! पहिलीच अट मोडली, आता आयोगच, असं मी धरून चालले होते.

"ते पुस्तक आण," सर म्हणाले.

ते पुस्तक म्हणजे जाड, मोडक्या कण्याची, वर्णानुक्रमे लावलेली नावांची सूची. एका पानावर दोन स्तंभ, मुंगीएवढी अक्षरं. माझं नाव एका ओळीत: नाव, लेखक, साल, पान. बस्स. किड्याचं वर्णन नाही, कुठे सापडला ते नाही, हे नाव बरोबर आहे असा शब्दही नाही. सरांनी त्या ओळीवर बोट ठेवलं आणि कोडचं 23.9.6 उघडलं. तिथे स्वच्छ लिहिलं आहे की नावांच्या सूचीत किंवा अनुक्रमणिकेत नुसती नोंद असणं, किंवा समानार्थी नावांच्या यादीत उल्लेख असणं, हा 'वापर' धरायचा नाही.

म्हणजे पहिली अट शाबूत होती. चार महिन्यांचा अर्ज एका ओळीने रद्दीत.

मी खूश होऊन दुसरी अट मोजायला बसले. माझ्याकडे 27 कामं होती, 25 ची गरज होती. पण हे कलम दोन्ही बाजूंनी कापतं. सरांनी माझी यादी घेतली आणि पेन्सिलीने खोडायला सुरुवात केली. हे काम? नुसती स्पीशीजची यादी, गेलं. हेही. हा तर सारांशांचा अंक. सत्तावीसातली बावीस उरली. त्यातही लेखक नऊच, कारण तेच दोघं जण पुन्हापुन्हा लिहीत होते. पुढचे सहा आठवडे मी शेणाच्या कुजण्यावरचे, गुरांच्या जंतांवरचे, कुरणांच्या मातीवरचे प्रबंध पालथे घातले, जिथे माझा किडा कुठेतरी मजकुरात नावानिशी काम करताना सापडेल. सापडला. शेवटी 31 कामं, 14 लेखक. दोन्ही नावं एकत्र देऊन, कलमाचा उल्लेख करून, पुरावा जोडून दीड पानाची टीप छापली आणि विषय संपला.

म्हणून गुण देताना पहिले दोन मी त्या पुस्तकाला देते. आयोगाची खरी सेवा निकाल देण्यात नाही, निकालाची वेळ येऊ न देण्यात आहे. कोड इंटरनेटवर फुकट वाचता येतो. इंग्रजी आणि फ्रेंच दोन्ही मजकूर सारख्याच तोलाचे अधिकृत आहेत. वाचायला मात्र तो म्हणजे सुकलेलं लाकूड. तहान भागत नाही, पण घर बांधता येतं.

तिसरा गुण निकालांना. मी बुलेटिनचे जुने अंक कादंबरीसारखे वाचते (हे घरी सांगत नाही). सगळ्यात उपयोगी पडलेला निकाल म्हणजे ओपिनियन 2027, साल 2003. प्रश्न असा होता की कित्येक पाळीव प्राण्यांना आधी नाव मिळालं आणि त्यांच्या रानटी पूर्वजांना नंतर. पाळीव आणि रानटी एकच स्पीशीज मानली तर नियमाने पाळीव नाव दोघांना लागणार. गव्याचं बॉस गॉरस हे नाव 1827 चं, आणि त्याच्या पाळीव भावाचं, मिथुनाचं, बॉस फ्रॉन्टॅलिस 1804 चं. म्हणजे एवढा मोठा जंगली गवा आपल्या पाळलेल्या नातेवाइकाच्या नावाने ओळखला गेला असता. रानम्हैस, रानगाढव, रानटी उंट, सगळ्यांची हीच गत. 1996 मध्ये अर्ज छापला, 2003 मध्ये आयोगाने 17 रानटी नावं वाचवली. त्यात बहुतेक सस्तन प्राणी, पण एक मासा आणि एक रेशमाचा पतंगही. सात वर्षं लागली, पण काम पक्कं.

डेंग्यूचा डास घ्या. एडिस इजिप्ती हे नाव आता शाळकरी मुलांनाही पाठ आहे. लिनियसने 1762 मध्ये छापलेलं वर्णन मुळात ज्या डासाला लागतं तो भलताच, असं नंतर लक्षात आलं. नियम पाळला असता तर जगभरच्या आरोग्य खात्यांना डासाचं नाव बदलावं लागलं असतं, आणि तेच नाव दुसऱ्या डासाला गेलं असतं, जे त्याहून वाईट. आयोगाने 1964 मध्ये नवा नमुना, म्हणजे निओटाइप, मान्य करून ते नाव या डासालाच कायमचं बांधून दिलं.

पण सगळेच अर्ज मंजूर होत नाहीत, आणि इथेच लोक चिडतात. सगळ्यांत गाजलेला नकार फळमाशीचा. ड्रोसोफिला मेलानोगॅस्टर, जिच्यावर आनुवंशिकीचं अर्धं शास्त्र उभं आहे. ड्रोसोफिला या जीनसचा टाइप, म्हणजे ज्याच्या खुंटीला जीनसचं नाव टांगलेलं असतं ती स्पीशीज, मेलानोगॅस्टर नाहीच, ड्रोसोफिला फ्युनेब्रिस आहे. पुढेमागे कुणी हा अवाढव्य जीनस फोडला तर ड्रोसोफिला नाव फ्युनेब्रिसकडे राहणार आणि आपली प्रसिद्ध माशी सोफोफोरा मेलानोगॅस्टर होणार. म्हणून 2007 मध्ये अर्ज आला की टाइप बदलून मेलानोगॅस्टर करा. 2010 मध्ये आयोगाने नाही म्हटलं.

माझ्या एका मैत्रिणीची अख्खी कारकीर्द त्या माशीवर गेली आहे. ती अजून या निकालावरून माझ्याशी भांडते, जणू मीच मत दिलं होतं. माझं म्हणणं असं की जीनस फोडायचा की नाही हा प्राणिशास्त्राचा प्रश्न, आणि आयोग प्राणिशास्त्रात तोंड घालत नाही. कोण कोणाचा भाऊ हे तो सांगत नाही, फक्त कोणाला काय हाक मारायची ते सांगतो. शिवाय जीनस अजून फुटलेला नसताना खुंटी हलवा म्हणणं म्हणजे पाऊस यायच्या आधी छप्पर बदलणं. ती म्हणते, पाऊस आल्यावर छप्पर बदलतात का? तिचंही खरं आहे.

आयोगाचा हात कधी सैल, कधी घट्ट असतो, आणि त्याचा अंदाज येत नाही. मी कापलेला एक गुण इथला. डायनासोरांच्या दोन केसेस शेजारी ठेवून बघा. स्टेगोसॉरसचा मूळ टाइप, स्टेगोसॉरस आर्मेटस, 1877 मध्ये अर्धवट हाडांवर उभा केलेला. ती हाडं कोणाची हे नीट सांगता येईना, म्हणून चांगल्या सांगाड्याच्या स्टेगोसॉरस स्टेनॉप्सला टाइप करा असा अर्ज आला आणि 2013 मध्ये मंजूर झाला. मग 2016 मध्ये डिप्लोडोकसचा अर्ज आला. तिथेही मूळ टाइप, डिप्लोडोकस लाँगस, तुटपुंज्या हाडांवर, आणि पर्याय म्हणून चांगला सांगाडा असलेला डिप्लोडोकस कार्नेगी, ज्याच्या प्रतिकृती जगभरच्या संग्रहालयांत उभ्या आहेत. 2018 मध्ये नामंजूर. दोन्ही निकाल वाचल्यावर कारणं समजतात, पण पुढचा अर्ज लिहिणाऱ्याने त्यातून काय धडा घ्यायचा ते समजत नाही. या न्यायालयाचा निकाल त्या केसपुरताच असतो, पुढची केस ते नव्याने बघतं.

बहुतेक लोक ज्यासाठी गुण कापतात ती संथ चाल मला तितकी खुपत नाही. बरंच लांबलेलं एक प्रकरण आफ्रिकेतल्या थुंकणाऱ्या नागांचं. स्प्रॅकलँडस हे 2009 मध्ये दिलेलं नाव नियमानुसार छापलेलं मानायचं का, हा प्रश्न 2013 मध्ये केस 3601 म्हणून छापला गेला. त्याच नागांना दुसऱ्या अभ्यासकांनी त्याच वर्षी अफ्रोनाजा नाव दिलं होतं आणि बहुतेक सर्पतज्ज्ञ तेच वापरत होते. निकाल आला 2021 मध्ये. आठ वर्षं भिजत घोंगडं. आणि निकाल तरी काय? स्प्रॅकलँडस 'उपलब्ध', म्हणजे नियमानुसार छापलेलं, असल्याची पुष्टी द्यायला आयोगाने नकार दिला, आणि कोडच्या शेवटी जोडलेली नीतिसंहिता केसेसचा निकाल देताना अधिकृत निकष म्हणून वापरणार नाही असंही सांगितलं. सर्पवाल्यांपैकी काहींना वाटलं जिंकलो, काहींना वाटलं प्रश्न तसाच लोंबकळत राहिला.

तरी संथपणा खुपत नाही, याचं कारण 82 वं कलम. केस विचाराधीन असेपर्यंत रुळलेला वापर तसाच चालू ठेवायचा. म्हणजे निकाल दहा वर्षांनी आला तरी तोपर्यंत कुणाला लेबल बदलावं लागत नाही. ही मंडळी हे काम आपापल्या नोकऱ्या सांभाळून करतात, आणि मागे 2013 च्या सुमारास संस्थेचे पैसेच संपायला आले होते. लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियममधून सचिवालय सिंगापूरच्या राष्ट्रीय विद्यापीठाच्या आसऱ्याला गेलं, तेव्हा कुठे जीव वाचला. जगातल्या सगळ्या प्राण्यांच्या नावांची जबाबदारी असलेली संस्था, आणि तिच्यावर ही वेळ.

एका बाबतीत मात्र माझं अजून ठरत नाही. स्लोव्हेनियाच्या गुहांत एक आंधळा भुंगेरा राहतो, त्याचं नाव अनॉफ्थाल्मस हिटलरी. 1937 चं. नाझी वस्तू जमवणाऱ्यांनी त्या नावापायीच त्याचे नमुने मिळवायचा सपाटा लावला. हे नाव बदला असं अनेक जण म्हणतात. 2023 मध्ये आयोगाने लेखी भूमिका घेतली की नावाचा अर्थ दुखावणारा आहे म्हणून नाव बदलण्याच्या भानगडीत आपण पडणार नाही, स्थैर्य आधी. भुंगेऱ्यांवर जगणारी म्हणून मला हे पटतं, कारण उद्या कोणतं नाव कोणाला खुपेल याला अंत नाही. पण आमच्या संग्रहात तो भुंगेरा असता तर ते लेबल रोज वाचायला मला आवडलं नसतं.

झूबँकबद्दल थोडक्यात. ही नावांची अधिकृत ऑनलाइन नोंदवही. 2012 पासून फक्त इलेक्ट्रॉनिक स्वरूपात छापलेल्या कामातली नवी नावं ग्राह्य धरायची तर ते काम आधी इथे नोंदवलेलं हवं आणि नोंदणीचा पुरावा त्या कामातच हवा. नोंदणी सोपी आहे. मी ती केली, क्रमांक मिळाला, तो हस्तलिखितात घातला, आणि एका नियतकालिकाच्या मांडणीवाल्याने तो "अनावश्यक आकडे" म्हणून काढून टाकला. प्रूफ बघताना माझंही लक्ष गेलं नाही. परिणाम असा की माझी दोन नवी नावं नियमाच्या दृष्टीने जन्मालाच आली नाहीत. पुन्हा छापावी लागली, वर्ष बदललं. यात झूबँकचा दोष काडीचाही नाही.

ज्यांना खरंच पायरी चढायची आहे त्यांच्यासाठी: आधी 23.9 शेवटच्या उपकलमापर्यंत वाचा. आपली 25 कामं दुसऱ्या कुणाकडून तपासून घ्या, शक्यतो तुमचं भलं न चिंतणाऱ्याकडून. वाद प्राण्याबद्दल असेल तर जाऊच नका, तिथे त्याला उत्तर मिळणार नाही. आणि अर्ज छापल्यावर विरोधातली पत्रं येतील, ती मनाला लावून घेऊ नका. बुलेटिनमधली भाषा फार सभ्य असते, आणि तितकीच बोचरी.

मी हे सगळं आत्ताच का लिहिते आहे? कारण गेल्या महिन्यात त्याच गटात दुसरं एक जुनं नाव निघालं. या वेळी 1899 नंतरचा वापर खरा आहे. सूची नाही, वर्णनासकट, चित्रासकट, वैध नाव म्हणून. मी सरांकडे गेले. त्यांनी चित्र भिंगाखाली धरून बराच वेळ पाहिलं, मागचं पान पाहिलं, पुढचं पाहिलं, आणि पुस्तक मिटून म्हणाले, "आता लिही अर्ज."

चौथ्या पानावर आहे. डब्यावरचं लेबल अजून हलवलेलं नाही.